कुणाची गं तू

क्लायपेदा बंदर, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
खाडीवरचा वारा सर्व्हरच्या खोलीचं दार
पुन्हा पुन्हा चाचपून बघतोय.
महिनाअखेरचा हिशेब एका ओळीवर अडलाय,
सातूच्या एका ट्रकच्या वजनावर.
केस्तास फोनवर म्हणतो,
कुणीतरी ती ओळ धरून बसलंय, बघ.

बघण्याआधी माझी एक खोड आहे,
पहिला प्रश्न स्वतःबद्दल.
मी कोण म्हणून आत आलेय,
कुठल्या यंत्रावरून, किती वाजता,
तारखा मला कुठल्या भाषेत दिसाव्यात.
डेटाबेस आडपडदा ठेवत नाही.
बाजारातल्या बायकांसारखं
कुणाची गं तू, असं उलटं विचारत नाही.
सरळ सांगतो: बाल्सिएने.

आमच्याकडे आडनावाच्या शेपटावरून सगळं कळतं.
गुदासची मुलगी गुदाइते,
बाल्सिसची बायको बाल्सिएने.
दोन वर्षांपूर्वी मी कोर्टातून
परत गुदाइते होऊन आले.
पासपोर्ट बदलला, दारावरची पाटी बदलली,
बँकेतल्या कारकुनाने तर हात पुढे करून अभिनंदन केलं.
इथे मात्र नवं नाव म्हणजे नवा माणूस जन्माला घालायचा,
त्याला एकेक अधिकार घास घास भरवायचा.
कोण करणार? राहून गेलं.
इथे माझं लग्न अजून टिकून आहे.

मग दुसरा प्रश्न, सगळ्यांबद्दल.
चौदा सेशन. क्रेनचं, जकातीचं, गोदामांची रोजची,
आणि बाल्सिएने
दोनदा.

एक मी.
दुसरी वजनकाटा क्रमांक तीनच्या खोलीतून.
स्थिती: निष्क्रिय.
शेवटचं बोलल्याला झाली
सोळा लाख बेचाळीस हजार सेकंदं.
कागदावर भागाकार केला,
यंत्राने केला असता, पण हाताला काम हवं होतं.
एकोणीस दिवस, वर सहा-सात मिनिटं.

त्या रात्री काटा चुकीचं वजन दाखवत होता
म्हणून मी तिथे बसून हाताने आकडे घालत होते.
सव्वीस हजार चारशे वीस, टाइप केलं,
कायम कर म्हणायचं राहिलं होतं,
तेवढ्यात फोन. शिलुतेच्या इस्पितळातून.
नर्सने विचारलं, आपण गुदासांच्या कन्या का?
हो म्हटलं आणि तशीच निघाले.
काटा तेव्हापासून दुरुस्तीला,
खोलीला कुलूप.

ती मात्र उठलेली नाही.
जुनं नाव लावून बसलीये,
सातूचं वजन मुठीत धरून,
ना कायम, ना रद्द.
तिला फोन आलेला नाही.
तिच्या घड्याळात बाबा अजून
वॉर्डातल्या बीटच्या सूपला नावं ठेवताहेत.

सापडलं का कोण ते? केस्तास.
मीच, म्हटलं.
तो हसला, मग हसायचा थांबला.
मार तिला, म्हणाला हळूच.
आमच्या धंद्यात हाच शब्द आहे.

आधी तिची मिळेल ती माहिती मागवली.
यंत्राचं नाव, पत्ता, लॉगिन रात्री एक चाळीस.
शेवटी काय म्हणाली, त्याला रकाना आहे.
कशाची वाट पाहते, त्यालाही आहे,
आणि त्यात लिहिलं होतं:
पलीकडून निरोप येण्याची.

मी ओळ लिहिली. एन्टर.
ट्रकचं वजन मागे गेलं, पुन्हा चुकीचं झालं,
आणि अडलेला हिशेब त्या चुकीवरूनच धावत सुटला.
थांबवला. सव्वीस हजार चारशे वीस
पुन्हा घातलं. या वेळी कायम.
पुन्हा विचारलं, मी कोण.
तेच नाव. पण आता एकदाच.

पहाटे किल्ली मागून तीन नंबरच्या खोलीत गेले.
पडद्यावर लिहिलं होतं, संपर्क तुटला.
खुर्चीच्या पाठीला माझा कोट.
अंत्यविधीला मी आईचा घातला होता.
हा थंडगार होता, बाह्यांना सातूची धूळ.
घातला.