खरवडणं

कॅटलॉगमध्ये छापलंय: हानुस स्वतःच शिकला.
फेरो बेटांवर, एका खाडीच्या तोंडाशी,
गुरूविना, शाळेविना.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं
आणि कोपनहेगनच्या त्या उंच पांढऱ्या दालनात
टेकायला बाक शोधला.

स्वतःच म्हणे.
मग त्रोन्दुरकडचे तीन हिवाळे
कुणाच्या खात्यावर मांडायचे?

आठ वर्षांचा होता. नाक कायम वाहतं.
मेंढरांच्या कामाचा नाही:
एकेकीचा चेहरा बघत बसे, कळप डोंगरापार जाई.
शेवटी वडिलांनी नेऊन सोडला
होड्या बांधणाऱ्या त्रोन्दुरच्या दारात.
त्यानं पोराच्या हातात ब्रश नाही, पातं दिलं.
"खरवड," म्हणाला.

पहिला हिवाळा खरवडण्यात गेला.
दुसराही.
उलट्या घातलेल्या होडीखाली, रॉकेलच्या कंदिलाशी,
हिरव्याखाली निळा निघे, निळ्याखाली विटका तांबडा,
तांबड्याखाली डांबर, आणि त्याच्याही खाली
नॉर्वेहून आलेलं लाकूड, अजून चिकाचा वास धरून असलेलं.
रात्री पांघरुणात कुजबुजे: सुन्वर,
आज योआकिमच्या होडीचा जुना निळा सापडला,
त्याच्या पहिल्या बायकोच्या वेळचा.
साऱ्या खाडीचे रंग त्याच्या नखांत.
आई सुईनं कोरून काढी, चुलीत टाकी.

त्रोन्दुरला तांबडं-हिरवं वेगळं दिसत नसे.
गावात कुणाला ठाऊक नव्हतं.
या पोराला आठवड्यात कळलं
आणि त्यानं ते पोटात ठेवलं.
म्हातारा डब्यावर बोट ठेवून विचारी, परीक्षा घेतल्यासारखा:
"हा कुठला?"
"तांबडा."
"नाव मलाही येतं. कसा आहे ते सांग."
"मेंढीच्या हिरड्यांसारखा."
"आणि हा?"
"पाऊस थांबल्यावर छपरावरचं गवत असतं, तसा. पण सावलीतला."
म्हातारा डोळे मिटून ऐके,
मग बरोबर त्याच डब्यात ब्रश बुडवी.
आता यात कोण कुणाला शिकवत होतं
ते छापणाऱ्यांना मी कसं सांगू?

तिसऱ्या हिवाळ्यात ब्रश मिळाला.
वडिलांच्या होडीवर आईचं नाव घालायचं होतं, बिर्ना.
पाच अक्षरं, हिरव्यात.
शेवटच्याला हात थरथरला, अक्षराचं पोट सुटलं.
वडील लांबून बघत म्हणाले, "असू दे.
तिचंही सध्या तसंच आहे."

मार्चमध्ये होडी गेली.
मे महिन्यात काठावर हातभर फळी आली,
तिच्यावर शेवटची दोन अक्षरं.
पाद्री म्हणाले, चर्चमध्ये ठेवू.
आईनं फळी काखोटीला मारली, घरी आणली.
जाळायची माती ओली होती,
बाळासाठी दूध तापवायचं होतं.
फळी म्हणजे फळी.

त्या हिरव्यात तांबं होतं,
लाकडात दोन महिन्यांचं मीठ.
जाळ हिरवा झाला. कडेनं निळा, मग पुन्हा हिरवा,
चुलीच्या तोंडातून वर, आईच्या हनुवटीपर्यंत.
हानुस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.
रडला नाही.
तेव्हा मला त्याचा राग आला होता.
आता काय येतं, ते नीट सांगता येत नाही.

उजाडताच त्रोन्दुरकडे धावला:
"मला रंग मिसळायला शिकव."
"कुठला?"
"हिरवा."
"कसा?"
पहिल्यांदाच त्याला सांगता आलं नाही.

हे समोरचं त्याचं सगळ्यात मोठं चित्र.
काळ्यातून चढत गेलेला हिरवा,
लावलेला, खरवडलेला, परत लावलेला.
एक तरतरीत मुलगी शाळेच्या पोरांना सांगतेय,
हा ध्रुवीय प्रकाश, आपल्या उत्तरेचं आकाश.
पोरं माना वर करतात.
मी खाली बघते, अगदी तळाशी,
जिथे एक पांढरा ओघळ चौकटीपर्यंत आलाय.

दूध उतू गेलं होतं त्या रात्री.
कुणाचंच लक्ष नव्हतं.