तूस

काल रात्री लाईट गेली नाही, हे पहिलं नवल.
नळी तडकली नाही, हे दुसरं.
याआधी सतरा वेळा
कधी तडा, कधी नुसती काजळी,
आणि हत्तुरे सरांचं "असू दे, पुन्हा लाव."

नऊशे अंशांवर जस्ताची पूड वितळली,
मग दिसेनाशी झाली.
गेली कुठेच नव्हती,
आर्गॉनच्या संथ वाऱ्यावर बसून
किंचित प्राणवायू सोबत घेत
नळीच्या निवत्या टोकाकडे निघाली होती.

तिथे चकती.
चकतीवर सोन्याचा मुलामा, इतका पातळ
की सराफानं हसून परत द्यावा.
तापल्यावर तोही फाटला, थेंब थेंब झाला.

थेंबात वाफ विरते,
विरता विरता त्याचं पोट भरतं,
आणि आता मावेना झालं की
तो स्वतःखाली एक थर टाकतो,
अणूला अणू लागून,
आणि त्यावर चढून बसतो.
पुन्हा वाफ. पुन्हा थर.
केस वाढतो मुळातून,
हा वाढतो माथ्याशी,
डोक्यावर सोनं, मान न हलवता.

सकाळी डबी घेऊन पूर्व भागात घरी आले.
टॉवेलच्या मागावरची रात्रपाळी संपवून
नायना ओट्यावर बसलेले,
भुवयांत कापसाचं तूस.
डबीत वाकून म्हणाले,
"काय गं, भट्टीत कापूस पिकवलालीस का?"

सूत कुणी ओढलं?
कुणीच नाही.
पीळ?
असेल आत. अजून बघायचाय.
मग गाठ कुठंय?
गाठ नाही, नायना.
चूक मावेल एवढी रुंदीच नाही त्याला,
म्हणून तर पोलादाहून चिवट.

छत्तीस वर्षं
तुटली टोकं जोडत आलेला अंगठा
त्यांनी डबीवर आणला,
टेकवला नाही.
"आणि तुटलं तर?"

मी म्हटलं, तुटलं तर तुटलं.
जोडायचं कसं, ते कुणाला येत नाही.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
शेजारच्या खोलीत साडेसातचे माग सुरू झाले,
भांडी मांडणीवर थरथरू लागली.
मे महिना. वर पत्रा.
नायना उठले,
आणि पंखा बंद केला.