चार बोटं

चाक आणि मडगार्ड यांच्यामधे चार बोटं जागा.
माझी चार, जाड, मॅकरेलच्या बर्फाने सुजलेली.
नूलाची घातली तर पाच बसतील.
एवढ्या फटीतून किलीबेग्जचा सगळा वारा ये-जा करतो
आणि अठ्ठ्याण्णव सालची माझी पांढरी हॅचबॅक
चिखलात झगा वर धरून उभ्या असलेल्या
बाईसारखी दिसते.

मला ती खाली बसलेली हवी आहे.
रस्त्याला कान लावून.

माशांच्या खोक्यावरचं लेबल उलटं करून हिशोब मांडला:
हातात तीनशे दहा युरो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण इथे तर पाय आखडायचेत
आणि त्यालाही अंथरूण पुरत नाही.

फुकटचा मार्ग ग्राइंडरचा.
स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकायचा.
मॅनसच्या गॅरेजात असा एक वेढा खिळ्याला टांगलेला आहे.
कोणाचा, ते तो सांगत नाही.
"चाक हवेत उचललं की
कापलेली स्प्रिंग आपली बैठक विसरते,"
एवढंच म्हणतो
आणि चहात साखर ढवळत राहतो, बराच वेळ.

नुसत्या स्प्रिंगा घ्याव्यात तर एकशे साठ.
पण शॉक अॅब्सॉर्बर जुनेच, एक लाख ऐंशी हजार किलोमीटरचे,
मागचा एक तर तेल गाळतो.
मॅनसने बॉनेटवर तळहात टेकून एकदा दाबलं,
सोडलं,
आणि गाडी हो हो हो म्हणत राहिली
जशी माझी मावशी फोनवर.

स्ट्राबेनच्या एकाकडे वापरलेले कॉइलओव्हर, दोनशे वीस.
"पाना फिरवा, हवी तेवढी उंची!"
गेलो. पाहिले.
आटे मिठाने खाल्लेले, रिंग जागची हलेना.
हवी तेवढी म्हणजे
त्याला हवी होती तेवढी.

आता मुद्द्याचं.
नूला बेटावर राहते.
शनिवारी बर्टनपोर्टहून फेरी,
आणि फेरीचा उतार भरतीला सपाट, ओहोटीला घसरगुंडी.
हे कुठल्याच कॅटलॉगमधे नाही.
म्हणून मी धक्क्यावर पालथा पडून
बंपरखाली काडेपेट्या रचल्या:
एक आडवी, एक उभी, पुन्हा एक आडवी.
दोरखंड गुंडाळता गुंडाळता कॉन्डी म्हणाला,
"साठ मिलिमीटर खाली आणलीस
तर लग्न भरतीच्या वेळा पाहूनच करावं लागेल."
लग्नाचं कोणी काढलं होतं?
काडेपेट्या पडल्या. पुन्हा रचल्या.

तीस, तर तीस.
जोडीचा संच, स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉक,
तीनशे पंचाण्णव. वर अलाइनमेंटचे पन्नास.
डिकीतला मोठा स्पीकर विकला.
शेजारचा ऑईन खुश. त्याचं कुत्रं तर फारच.

रविवारी नूला आली, वडिलांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर पिशवीत घालून.
बोटींची इंजिनं उघडणारी पोरगी,
माझ्यापेक्षा पाना सरळ धरते.
दाबलेली स्प्रिंग म्हणजे दात आवळून धरलेला राग,
तिच्या समोर तोंड नेऊ नये
हे तिनेच सांगितलं.
नट गंजलेले. एक तुटला.
आम्ही तासभर एकमेकांशी बोललो नाही,
फक्त, तेरा नंबर. सतरा. टॉर्च इकडे.

संध्याकाळी जॅक काढला.
गाडी खाली आली,
सुस्कारा टाकून, जरा आणखी खाली,
आणि थांबली.

पुढच्या शनिवारी ऐन ओहोटीला उतारावर घातली.
काच खाली, श्वास वर.
बंपरची रबरी कड काँक्रीटला निसटती लागली,
कागद फाटला नाही, फक्त दुमडला, असा आवाज.
कॉन्डीने हात हलवला: ये, ये, ये.

डेकवर उतरून नूलाने चाकाच्या वर बोटं घातली.
तिची तीन. माझी दोनच.
स्वर्गही, म्हणतात, तेवढाच उरतो कधीकधी.

मागचं डावं मात्र कुरकुरतंय.
बघू, पुढच्या पगाराला.