नावात तफावत

विम्याच्या कागदावर बाबा मल्लैया आहेत,
आधारवर मल्लय्या,
आणि दवाखान्यातल्या पोरीनं डिस्चार्ज कार्डावर
सरळ मल्लप्पा करून टाकलंय.
तिच्या माहेरी, अक्कलकोटकडं, सगळे अप्पाच असणार.
तीन भाषांच्या सोलापुरात एक माणूस,
आजवर अडलं नव्हतं कुठं.
कारखान्यात तर नुसतं "चार नंबर" म्हणायचे त्यांना,
मागाच्या नंबरावरून.

आता पुण्याहून मेल येतो:
नावात तफावत आढळली. सात दिवसांत खुलासा करावा.

करते खुलासा.
स्टँपचे पाचशे, नोटरीचे दोनशे,
झेरॉक्सचे चौदा, तेही सुट्टे द्या म्हणतो.
कोर्टाबाहेरच्या पत्र्याखाली, चव्वेचाळीस डिग्रीत,
मी खाली सही करणारी
प्रतिज्ञेवर लिहून देते की
हे तिघेही माझे वडील आहेत.

याच आठवड्यात स्कूटीचं पीयूसी संपलं,
घरपट्टीच्या सवलतीची तारीख गेली,
गॅसवाला म्हणतो अंगठा उमटत नाही, पुन्हा या.
दिवसभर मी एमआयडीसीत
दुसऱ्यांच्या शाळांचे गणवेश तपासते,
काज, बटण, दोरा, पुढचा घ्या,
आणि श्रीनाथच्या शर्टाला दोन बटणं नाहीत
हे मला त्याच्या बाईंच्या चिठ्ठीतून कळतं.

फोन चोवीस तास चालू असतो म्हणतात त्यांचा.
पाणी चार दिवसांतून तीन तास.
म्हणून दोन्ही रात्रीच.
एक कान सतारीला, तीच ती, अर्धा तास,
एक कान नळाला.

"मॅडम, हा श्वासाचा त्रास पेशंटला
पॉलिसी घ्यायच्या आधीपासून होता का?"

आधी म्हणजे?
बाबा पाळी संपवून यायचे तेव्हा
भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या,
आई त्यांचा सदरा अंगणात झटकायची
आणि आम्ही पोरं त्या उडत्या कापसाखाली नाचायचो.
रात्री खोकला. तो घड्याळासारखाच होता घरात,
थांबला तरच जाग यायची.
तुझ्या कंपनीआधी, बाळा.
माझ्याआधी.

पण फॉर्मवर "नाही" आहे.
आमच्याच गल्लीतल्या कुडक्याल काकांनी
चहा गार व्हायच्या आत
सगळ्या प्रश्नांपुढं नाही, नाही, नाही अशी टिक केली होती,
खाली बाबांची तेलुगू सही.
काका दवाखान्यात आले होते, शहाळं घेऊन.
पंख्याकडं बघत बसले,
पंखा बंद होता.

"मॅडम? लाइनवर आहात?"
आहे.
खरं सांगितलं तर पैसे जातात.
खोटं सांगितलं तर
तो सदरा कुणी झटकला नव्हता असं होतं.
शहाऐंशी हजार. मी भिशी आधीच उचलली,
आता एकोणीस महिने नुसती भरायची.
"तपासून सांगते," म्हणाले.
हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

तेवढ्यात मागून हाक आली,
"नीळ्ळु वच्चिनय!"
पावणेतीनला पाणी आलं की बाबांना आधी कळतं,
पाइपात हवा फुसफुसते ना, तो आवाज त्यांच्या ओळखीचा.
बादली उचलायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय,
म्हणून ते पाइपचं तोंड धरून उभे राहतात
टाकीवर, बनियनमध्ये,
मशीनवर उभं राहावं तसे, एक पाय पुढं.

"काय म्हणतो तो?"
तुमचं नाव विचारतोय, म्हटलं.
हसले. हसता हसता खोकले. खूप वेळ.
मी पाइप हातात घेतला.
"सांग की त्याला. चार नंबर."

निळी टाकी भरली.
काळी राहिली होती, आणि पाणी
बारीक व्हायला लागलं होतं.