वरच्या मजल्यावरचा रविवार

पावणेनऊला आम्ही घराबाहेर पडतो.
दोन पांढरे शर्ट, माझी इस्त्रीची साडी,
आणि शेरीन, चौदा वर्षांची, वीस पावलं मागे,
जणू ती आमच्यातली नाहीच,
नुसती त्याच रस्त्यानं चाललीय.

भुसावळला रविवारी बाजार.
भरताच्या हिरव्या वांग्यांचे ढीग,
आणि आज काही विकत घ्यायचं नाही हा आमचा नियम.
वांगीवाली ओळखते मला.
"उद्या शिळी घेजो," म्हणते, आणि हसते.

वाटेत जुनं मिशनचं देऊळ लागतं.
तिथं माझा बाप्तिस्मा झाला, तीन महिन्यांची असताना.
तो इथं धरत नाहीत.
चौतिसाव्या वर्षी पुन्हा झाला,
फायबरच्या टाकीत, नाकाला हात लावून.
फाटकाशी मावसबहीण सुनीती उभी असते,
मान हलवते, हलवल्यासारखी.
ते म्हणतात, तुम्ही आमचे नाही.
गल्ली म्हणते, तुम्ही सगळे एकच.

मोटार वाइंडिंगच्या दुकानावर आमचा हॉल.
अठरा खुर्च्या. चांगल्या रविवारी अकरा माणसं.
मे महिन्यात कूलर लावला तर प्रार्थना ऐकू येत नाही,
बंद केला तर प्रार्थना लवकर संपते.
पियानो मोबाइलमध्ये आहे.
दुसऱ्या कडव्यात कुणाचातरी फोन येतो.

राजमुंद्रीचा एल्डर, वय एकोणीस,
छातीवर काळी पट्टी, कॉलरपाशी घामोळं,
हिंदीत सांगतो की कुटुंबं सदासर्वकाळ एकत्र राहतील.
मी शेरीनकडे बघते.
ती खिडकीतून इंजिनांचं शंटिंग बघत असते.
सदासर्वकाळ हा शब्द मला कधी गार वाटतो
माठाला हात लावल्यासारखा,
कधी पंखा बंद पडलेल्या खोलीसारखा.

आणि खालून येतो आल्याचा वास.

माझा बाप एकतीस वर्षं चहा विकत होता,
चार नंबर फलाटावर, पितळी किटली, उजवा खांदा कायमचा खाली.
त्या चहावर माझी फी भरली, माझं लग्न झालं.
मी आता चहा पीत नाही.
हे मी त्याला सांगितलं तेव्हा
तो काही बोलला नाही. किटली घासत राहिला
बराच वेळ, आधीच घासलेली.

मागच्या रविवारी कुणीच आलं नाही.
पाटीलबंधू लग्नाला गेलेले, एल्डर तापानं झोपलेला,
शेरीन म्हणाली, पोट दुखतंय. मी विचारलं नाही कुठं.
आम्ही तिघं आणि पंधरा रिकाम्या खुर्च्या.
मला वाटलं, चला, घरी जाऊ.
वाटलं, आणि हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची भीती वाटली.
ह्यांनी पावाचे तुकडे केले, गुडघे टेकले, वाचलं,
एक शब्द चुकला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.
मग आशेर उठला. तेरा वर्षांचा, मोठ्यांचा टाय.
डावा हात पाठीमागे, उजव्या हातात ताट,
सगळ्या खुर्च्यांच्या रांगेतून चालत
तो माझ्यापर्यंत आला, त्याच्या आईपर्यंत,
आणि माझ्याकडे न बघता ताट पुढे धरलं,
जणू मी पुष्कळ माणसं आहे.

मी तुकडा घेतला. साधा बेकरीचा पाव,
किंचित कडक झालेला.
विश्वास होता का त्या वेळी, मला सांगता येणार नाही.
हात पुढे झाला होता, एवढं खरं.

उतरताना मी टपरीपाशी थांबते.
हे पुढे जातात आणि टायरच्या दुकानाची पाटी वाचतात,
जी ते सहा वर्षं वाचताहेत.
एक कटिंग पार्सल. दहा रुपये. रविवारी.
पिशवीला गाठ मारून तळहातावर घेते,
पदराखालून, पोळेल इतका गरम.

बाप ओट्यावर बसलेला असतो.
"काय दिधं व माय, आज तुना देवनी?"
मी पिशवी सोडते, बशीत ओतते.
त्याच्याजवळ बसते, तो फुंकर मारतो त्या बाजूला.