तीन अँपिअर

बसऱ्यात जुलै येतो तो पाय पसरूनच बसतो.
बद्रिया पहाटे साडेतीनला उठते.
तेवढ्याच वेळात नळाचं पाणी नुसतं कोमट असतं,
मग त्यात थेट चहाची पत्ती टाकावी.

गच्चीवरच्या टाकीला गोणपाट बांधून झालं,
वर सासऱ्यांचा लष्करी कोट.
ते म्हणाले, लढाईत मला नाही वाचवलंन् त्यानं,
टाकीला तरी वाचवू दे.

फ्रीझरमध्ये पाण्याच्या एकवीस बाटल्या,
मासे एका कडेला सरकवून, आडव्या.
इन्सुलिनची डबी मडक्यात,
मडकं ओल्या वाळूत,
वाळूची परात जिन्याखाली, जिथं ऊन कधीच पोचलं नाही.
तबारकनं वहीचं पान फाडून वर लिहिलंय:
आजोबांचं आहे. मांजरांनी लांब राहावं.

गल्लीच्या टोकाला अबू करारचा जनरेटर.
त्याची तार शेजाऱ्यांच्या तारांत गुंतत गुंतत
खिडकीतून आत येते.
तीन अँपिअर. चौथा परवडत नाही.
तीनात फ्रीज, एक पंखा, एक दिवा;
कुणी चुकून कुलर लावला की खटका पडतो
आणि अबू करार घराण्याचा उद्धार करतो.
बद्रियाला आकडे वाचता येत नाहीत,
ती कानानं ओळखते:
फ्रीजचा आवाज जाडावला, की दिवा बंद.

संध्याकाळी शर्जी वारा सुटला,
दमट, कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखा.
चौघं एका खोलीत, दाराला ओली चादर,
टॉर्च उशाशी,
झावळीचा पंखा हाताशी.

आणि वीज जाईचना.
अकरा वाजले, बारा वाजले.
सासरे म्हणाले, सरकार आजारी दिसतंय.
तबारक हसता हसता झोपली, नवराही घोरू लागला,
बद्रिया मात्र छताकडे बघत पडून,
सगळी तयारी करून पाहुणा न आलेल्या घरासारखी
थोडी चिडलेलीच.

दोननंतर कधीतरी
फ्रीज मधल्या शब्दावर गप्प झाला.
पंख्यानं आणखी चार फेऱ्या मारल्या, सवयीनं.
अबू करारलाही डोळा लागला असावा.

कुणीच जागं झालं नाही.
अंधारात ती उठली, फ्रीझर बोटभरच उघडला,
एक बाटली काढली,
फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्याच्या मानेखाली सरकवली.

उरल्या वीस.