शीळ न घालता

लेकोसेक माशाच्या पोटात
पपायरसचं सुकं देठ खुपसतो,
म्हणजे तो बुडत नाही.

मग शीळ.
पलीकडच्या बाभळीवर
मत्स्यगरुड मान वळवतो, ओळखीची.

"आता," म्हणतो, आणि भिरकावतो.

बोटीत सहा कॅमेरे एकदम कडकडतात.
पंख, नखं, पाण्याची फाटलेली किनार...
सगळं मिळालं. पाहुणे खूश.

याच बारिंगो सरोवरात
त्याच्या बापानं जन्मभर गळ टाकला.
गरुड तेव्हा चोर होता,
रोज शिव्या खायचा.

परतताना विचारलं, तू काढलास का कधी फोटो?
ओशाळला. ओल्या बोटांनी मोबाइल पुढे केला:
वाकडा, धूसर,
बापाच्या मोडक्या होडीवर बसलेला गरुड,
पायाखाली मासा,
त्याचा त्यानं पकडलेला.